डर्बी: सेटिंग एकीकडे, डेटा दुसरीकडे (आठ महिन्यांच्या वापरानंतर)

जावा ॲपमध्ये अपाची डर्बी (जावात लिहिलेला छोटा डेटाबेस) एम्बेडेड, म्हणजे ॲपच्याच प्रोसेसमध्ये, चालवताना 'डर्बी.सिस्टम.होम' (डर्बीचा मूळ फोल्डर ठरवणारी सेटिंग) दिलं नाही, तर प्रोसेस ज्या फोल्डरमधून सुरू झाली तेच ती आपलं घर धरते. सेटिंगची फाइल 'डर्बी.प्रॉपर्टीज' तिथेच शोधते, 'डर्बी.लॉग' तिथेच टाकते आणि रिलेटिव्ह पाथचा डेटाबेसही तिथेच उघडते. लॅपटॉपवर हे खपून जातं. सर्व्हरवर सर्व्हिस वेगळ्या फोल्डरमधून उठली आणि कनेक्शन यूआरएलमध्ये 'क्रिएट=ट्रू' असलं, की गुपचूप नवा, रिकामा डेटाबेस तयार होतो. एरर नाही, फक्त टेबलं गायब! म्हणून पहिल्या सेटअपनंतर ते 'क्रिएट=ट्रू' काढूनच टाका.

आठ महिने टिकलेली मांडणी अशी: सिस्टम होम कॉन्फिग फोल्डरवर, यूआरएलमध्ये डेटाबेसचा पूर्ण पाथ, आणि 'डर्बी.स्ट्रीम.एरर.फाइल' लावून लॉग तिसरीकडे. लॉग दर वेळी नव्याने लिहिला जातो. जुना हवा असेल तर 'डर्बी.इन्फोलॉग.अपेंड=ट्रू'. सिस्टम होम कमांड लाइनवर मायनस-डीने (जावाच्या '-D' पर्यायाने) द्यावं. कोडमधून द्यायचं तर इंजिन सुरू होण्याआधी, नंतर दिलेलं वाया.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते अग्रक्रमाने. जेव्हीएमला (जावा प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेला) दिलेली प्रॉपर्टी, म्हणजे सेटिंग, सगळ्यांच्या वर, त्याखाली डेटाबेसमध्ये साठवलेली आणि 'डर्बी.प्रॉपर्टीज' तळाशी. कधीतरी कुणी 'एसवायएससीएस_सेट_डेटाबेस_प्रॉपर्टी' प्रोसिजरने लॉकचा वेट टाइमआउट (दुसऱ्याने अडवलेल्या डेटासाठी किती थांबायचं ते) २० सेकंद केला असेल, तर फाइलमध्ये ६० लिहून कितीही रीस्टार्ट करा, २०च राहणार. आधी 'गेट'वालं फंक्शन चालवून बघा. किंमत निघाली तर त्याच प्रोसिजरने नल (रिकामी किंमत) द्या. पेज कॅशचं (मेमरीत धरून ठेवलेल्या डेटाच्या पानांचं) तसं नाही: ती मूळची १००० पानांची, फाइलमधून वाढते, पण इंजिन पुन्हा सुरू झाल्यावरच.

डेटाबेस फोल्डरमधली 'सर्व्हिस.प्रॉपर्टीज' नावाला भुलून कॉन्फिगकडे हलवू नका. ती डेटाचाच भाग आहे. हलवली तर डर्बीला तिथे डेटाबेसच दिसत नाही.

बॅकअपही त्यामुळे दोन झाले. कॉन्फिग फोल्डर गिटमध्ये. डेटा 'एसवायएससीएस_बॅकअप_डेटाबेस'ने, चालू फोल्डर नुसता कॉपी करून नाही. मात्र डेटाबेसमध्ये साठवलेल्या प्रॉपर्टी बॅकअपबरोबर येतात. टेस्ट मशीनवर रिस्टोअर केलं, की तो २०चा टाइमआउट तिथेही हजर.