अरियलूरच्या थरांचं वय काढायचंय: अमोनाइट धरावा की इनोसेरामिड?

तमिळनाडूतल्या अरियलूर-पेरंबलूरच्या क्रिटेशसवर (डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडातल्या खडकांवर) प्रबंध करायला निघालेल्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: वय काढताना मुख्य भिस्त कोणत्या जीवाश्मावर ठेवायची, अमोनाइटवर (वेटोळ्या शंखाचे नामशेष समुद्री प्राणी) की इनोसेरामिडवर (नामशेष समुद्री शिंपले)? दोन्ही गट नीट शिकायला एम.एस्सी.ची दोन वर्षं पुरत नाहीत, त्यामुळे कुठेतरी झुकावं लागतंच. फोरॅमिनिफेरा (सूक्ष्म कवचांचे जीव) बाजूला ठेवतो, कारण त्यात माती धुणं, चाळणं, सूक्ष्मदर्शकाखाली बसणं हे सगळं आलं. हातोडा, छिन्नी आणि भिंग यांवर भागणाऱ्या या दोघांबद्दलच लिहितो. मी स्वतः अमोनाइटपासून सुरुवात केली आणि आता बहुतेक वेळा इनोसेरामिडकडे वळतो. तुमचा छेद (थरांची उघडी पडलेली रास) वेगळा असेल तर तुमचं उत्तरही वेगळं येऊ शकेल.

अमोनाइटची बाजू आधी, कारण ती खरोखरच भक्कम आहे. जाती झपाट्याने बदलतात, समुद्रात दूरवर पसरतात, आणि क्रिटेशसच्या अगदी शेवटापर्यंत साथ देतात. अमेरिकेच्या वेस्टर्न इंटीरियरमध्ये बेंटोनाइटचे, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून झालेले, थर अधूनमधून येतात, त्यामुळे तिथल्या अमोनाइट झोनना (ठरावीक जातीवरून ओळखायच्या थरांच्या पट्ट्यांना) आकड्यातलं वय बांधता आलं आणि एकेक झोन सरासरी पाच लाख वर्षांच्या आसपास येतो. मी काम केलेल्या छेदांत मला राखेचा असा थर मिळाला नाही. म्हणजे आपल्याकडे जीवाश्माने जे सांगितलं तेच वय, आणि म्हणून निवड जपून करायची.

वाचायला साहित्यही अमोनाइटवरच जास्त. भूवैज्ञानिक स्टोलिच्काने १८६५ मध्ये दक्षिण भारतातल्या अमोनाइटांचं वर्णन पूर्ण केलं आणि त्याचे चित्रफलक आजही समोर उघडून ठेवावेत असे आहेत. नंतर कोसमाटने १८९० च्या दशकात तीच सामग्री पुन्हा तपासली. बरगड्या, वेटोळ्याचा छेद, सूचरची (कक्षांमधले पडदे कवचाला टेकतात ती) रेषा, एवढं दिसलं की तुटक्या तुकड्यावरूनही प्रजातीपर्यंत जाता येतं. शंका आली तर विचारायला माणूसही मिळतो. इनोसेरामिडच्या बाबतीत हे सुख कमी.

मग मी का वळलो? कारईमुळे.

कारईची ती घळींनी चिरलेली जमीन ज्यांनी पाहिली आहे त्यांना कळेल. ईशान्य मोसमी पाऊस संपला की नव्या घळी उघडतात आणि जानेवारीत गेलं तर तळाशी जिप्समच्या पट्ट्यांचे चकाकणारे तुकडे, बेलेम्नाइटच्या (स्क्विडसारख्या नामशेष प्राण्यांच्या) कांड्या आणि अमोनाइट एकत्र पडलेले असतात. तळहाताएवढा, बरगड्या ठसठशीत असलेला अमोनाइट उचलला की आनंद होतो. मग मान वर करून बघायचं. समोर एकाच पिवळट-राखाडी रंगाच्या चिकणमातीचा उतार, आणि हा कुठून आला याचा मागमूस नाही. कारई फॉर्मेशन अल्बियनच्या उत्तरार्धापासून ट्युरोनियनच्या मध्यापर्यंत जातं (ही क्रिटेशसच्या स्टेजची, म्हणजे उपविभागांची, नावं), म्हणजे जवळपास एक कोटी वर्षांचा हिशेब. अमोनाइट जाड, गोलसर, टणक. पाण्यासोबत गडगडत येतो आणि फारसं न झिजता घळीच्या तळाशी थांबतो. जागेवर रुतलेला मिळावा म्हणून उतारावर चर खणत बसायचं, आणि अनेकदा चर खणूनही त्या जातीचा दुसरा नमुना हाती येत नाही. नाव पक्कं, थर अनिश्चित. लॉगवर (थरांच्या उभ्या नोंदपट्टीवर) त्या नमुन्याची खूण कुठे मारायची, हा प्रश्न मला दर मोसमात पडत राहिला. भर म्हणून मेलेल्या अमोनाइटचं रिकामं शंख वायुकक्षांमुळे तरंगत दूर जाऊ शकतं, आणि उत्तातूरच्या थरांत (कारई याच गटात येतं) फॉस्फेटच्या गाठीही आहेत. गाठीत अडकलेला तुकडा जुन्या थरातून उकरून पुन्हा गाडला गेलेला नाही ना, हेही बघावं लागतं.

हा त्रास केवळ मैदानातला नाही. एका महाविद्यालयाच्या संग्रहात मी ट्रे भरून सुरेख अमोनाइट पाहिले. लेबलवर फक्त ‘उत्तातूर’. ते तसं गोळा झालं यात नवल नाही. तो उचलायला सोपा असतो, देखणा असतो, म्हणून थराची नोंद न होताच खिशात जातो.

इनोसेरामिडचं नेमकं उलट. पातळ, पसरट शिंपला, बाहेरचा थर कॅल्साइटचा. अमोनाइटच्या कवचाचं खनिज, अरॅगोनाइट, विरघळून आतला साचा तेवढा राहतो अशा खडकातही हा कॅल्साइट टिकतो. मात्र तो इतका ठिसूळ, की थरातून सुटला तर पावसात त्याचा भुगा होतो. तुटलेल्या कडेला भिंग लावा. उभे स्फटिक ब्रशच्या केसांसारखे शेजारी शेजारी उभे दिसतील, आणि बोटाने दाबलं की सुटे होऊन बोटाला चिकटतील. असा शिंपला पूर्ण आकारात दिसला तर तो बहुधा आपल्या जागेवरच असतो. कुलक्कलनत्तमच्या बाजूला मला दोन्ही झडपा अजून जोडलेल्या, थराला समांतर पडलेल्या अवस्थेत एक मिळाला. बिजागरीपाशी पातळ डिंक सोडून, सुकू देऊन, खालच्या वाळूच्या खडकासकट तो काढायला अख्खी दुपार गेली. पण तो कुठल्या थरातला, याबद्दल एका शब्दाचीही शंका नव्हती. माझ्यापुरता पारडं इथे झुकलं.

पाठबळ बाहेरूनही आहे. कोनियासियनचा (ट्युरोनियननंतरच्या स्टेजचा) तळ पूर्वी अमोनाइटवर धरत, पण ती खूण अनेक ठिकाणी सापडतच नसे. १९९५ च्या ब्रसेल्स परिषदेत इनोसेरामिड घ्यायचं सुचवलं गेलं आणि २०२१ मध्ये जर्मनीतल्या झाल्त्सगिटर-झाल्डर खाणीतला छेद त्या तळाचा जागतिक मापदंड म्हणून मंजूर झाला, क्रेम्नोसेरामस डिफॉर्मिस इरेक्टसच्या पहिल्या दर्शनावर. त्यापुढच्या सँटोनियनचा तळ स्पेनमधल्या ओलासागुतियाला, क्लॅडोसेरामस अंड्युलॅटोप्लिकेटसवर. याच्या आडव्या घड्यांना छेदणाऱ्या अरीय घड्या इतक्या वेगळ्या, की मोठासा तुकडाही पुरतो. लागोपाठच्या दोन स्टेजचे तळ या शिंपल्यांवर उभे आहेत. आपल्याकडचे अमोनाइट, विशेषतः कोसमॅटिसेरासच्या कुळातले, मादागास्कर आणि दक्षिणेकडच्या इतर प्रदेशांशी जास्त नातं सांगतात. युरोपच्या झोनशी त्यांची सांगड घालताना एक पायरी मध्ये घालावी लागते. ट्युरोनियन-कोनियासियनच्या आसपास इनोसेरामिड ही पायरी थोडी लहान करतात, असा माझा अनुभव.

आता त्यांचे दोष. नावं सतत हलतात. जुन्या यादीतला ‘इनोसेरामस’ आज मायटिलॉइडिस, क्रेम्नोसेरामस की आणखी कुठे गेला हे दर वेळी तपासावं लागतं. दाबाने शिंपला चपटा झाला की वाढीच्या अक्षाचा कोन फसवतो. चोचीकडचा कोवळा भाग नसेल, तर नुसत्या पसरट तुकड्यावरून जात सांगायच्या भानगडीत पडू नये. सुटे स्फटिक तर फक्त ‘इनोसेरामिड होता’ एवढंच सांगतात आणि तेही वाहून आलेले असू शकतात. गरुडमंगलमचे शिंपल्यांनी खच्चून भरलेले खडक बघताना हे विशेष ध्यानात ठेवा. तिथला पुष्कळसा माल वादळी लाटांनी लोटून आणलेला आहे.

अमोनाइटला कमी लेखू नका, हे बाघ थरांवरून कळतं. नर्मदा खोऱ्यातल्या या थरांवर पुण्यात चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतून कितीतरी वर्षं काम केलं, तरी वयाचा वाद रेंगाळत होता. २००३ मध्ये केनेडी, फणसळकर आणि वालाश्चिक यांनी तिथून प्रियोनोसायक्लस जर्मारी हा अमोनाइट नोंदवला आणि ट्युरोनियनच्या उत्तरार्धाची ठोस खूण हाती आली. यातले वालाश्चिक हे मुळात इनोसेरामिडचे जाणकार, झाल्त्सगिटर-झाल्डरच्या प्रस्तावातही अग्रभागी. योग्य अमोनाइट योग्य थरात मिळाला, तर तेही तोच धरतात.

तेव्हा तुमचा छेद कुठे आहे त्यावर पाहा. खालून वर तीन गट: उत्तातूर, त्रिचिनापल्ली, अरियलूर. उत्तातूर गटात, विशेषतः अल्बियन-सेनोमेनियनच्या भागात, अमोनाइटशिवाय गत्यंतर नाही. मात्र चर खणायची तयारी ठेवा आणि घळीतल्या सुट्या नमुन्यांची पिशवी वेगळी करा. त्रिचिनापल्ली गटावर काम असेल तर मी नि:संकोच इनोसेरामिडपासून सुरुवात करीन आणि अमोनाइट पडताळ्याला ठेवीन. अरियलूर गटात मध्यम मार्ग. कल्लनकुरिचीच्या चुनखडीत, कट्टुपिरिंगियमकडे, इनोसेरामिडचा स्वतंत्र थरच आहे आणि सिमेंटच्या खाणींमुळे ताजे छेद मिळतात. पण मास्ट्रिख्टियनच्या (क्रिटेशसच्या शेवटच्या स्टेजच्या) मध्यात इनोसेरामिड जवळपास संपतात, त्यामुळे त्या पातळीच्या वर चढलात की पुन्हा अमोनाइट आणि सूक्ष्मजीवाश्म. शिंपल्यांतले ऑयस्टर, ग्रायफिया वगैरे, वातावरण सांगायला उत्तम, वय सांगायला नाहीत.

इनोसेरामिड धरायचं ठरलंच, तर डिंक, मऊ कागद आणि चपटे डबे आधी घ्या, आणि शिंपला हलवण्यापूर्वी तो वरच्या कुठल्या थरापासून किती खाली आहे ते टेपने मोजून, वरची बाजू बाणाने खडकावरच लिहा. डब्यात गेल्यावर तो तुटला तरी चालेल. ती नोंद राहिलेली असते.