पेठांमधला हेरिटेज वॉक: गाईड बोलका, पण नेमक्या प्रश्नाला गप्प

नवऱ्याच्या ऑफिसमधला जर्मन पाहुणा आलाय, त्याला रविवारी सकाळी वॉकला नेलं. वॉकवाल्या कंपनीचं नाव लिहीत नाही, गाईड पोरगा मेहनती होता, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. तीन स्टार.

वेळेवर आला, इंग्लिश फर्डं, शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याचे खिळे, आतली पुसट झालेली गणपतीची चित्रं, सगळं नीट दाखवलं. पण वाड्यात खून झालेल्या नारायणराव पेशव्याच्या भुतावर अर्धा तास आणि इंग्रजांवर एकच वाक्य, "देन द ब्रिटिश केम". आले म्हणजे? जेवायला आले का?

पाहुण्याने लगेच विचारलं, ते मूठभर आणि तुम्ही एवढे, मग जमलं कसं? गाईड हसला न् पुढे चालायला लागला. मग मीच सुरू झाले, की बाबा आधी सरकार नव्हतंच, ईस्ट इंडिया कंपनी होती आणि तिचे बरेचसे शिपाई इथलेच. १८०२ ला यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे-शिंद्यांची फौज झोडपली, दुसरा बाजीराव पळाला तो वसईला, तिथे इंग्रजांशी तह, त्यांची फौज ठेवून घ्यायची आणि खर्चाला आपला मुलूख तोडून द्यायचा. हडपसर ऐकून तो उडालाच, रोज मगरपट्ट्यात कामाला जातो ना. आणि १८१७ ला याच वाड्यावर इंग्रजांचं निशाण चढवलं कुणी, तर इथल्याच बाळाजीपंत नातूंनी. बाजीराव वर्षाला आठ लाखांच्या पेन्शनवर कानपूरजवळ बिठूरला.

इथपर्यंत ठीक होतं, खरा घोळ भिडे वाड्याच्या जागेपाशी. १८४८ ला फुल्यांनी इथे मुलींची शाळा काढली, सनातन्यांनी छळलं आणि १८५२ ला सत्कार केला तो इंग्रज सरकारने. "मग चांगलेच होते की ते!" असं म्हणतो हा. मग १८९७ चा प्लेग सांगितला, गोरे सोल्जर घरात घुसून झडत्या घ्यायचे, चापेकरांनी प्लेगचा अधिकारी रँड याला गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी घातली, तीही राणीच्या ज्युबिलीच्या रात्री. की लगेच "म्हणजे वाईट". अरे, पेशवाईत ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानायचे त्यांच्या घरात एक ऐकशील आणि ज्यांच्या देवघरात बुटं घालून शिपाई शिरले त्यांच्याकडे दुसरं, आणि दोन्ही खरं. हे गाईडने सांगायला नको? पैसे त्याचेच देतो ना आपण.

बुक करायचंच असेल तर भुताचा भाग आधीच वगळायला सांगा, तेवढ्या वेळात १८१७ ची पेशवे-इंग्रजांची खडकीची लढाई आरामात बसते. टोपी-पाणी न्या. शेवटची मिसळ पॅकेजमध्ये नाही, तिचे पैसे वेगळे.