वुल्व्हरहॅम्प्टनचा जुना रंगीत ट्रे: काही महिने वापरल्यावर

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. रोजच्या चहासाठी असला ट्रे घेऊ नका. हळदीकुंकवाला, दिवाळीला बाहेर काढायला आणि एरवी उजेडात धरून नुसता बघत बसायला मात्र जरूर घ्या.

ट्रे व्हिक्टोरियन काळातला, कथील चढवलेल्या लोखंडी पत्र्याचा. काळ्या जमिनीवर गुलाब आणि निळी रानफुलं, काठाला सोनेरी वेलबुट्टी. मी इंग्लंडात वेस्ट मिडलंड्समध्ये राहते आणि हा माल इथलाच. बिल्स्टन, वुल्व्हरहॅम्प्टन, बर्मिंगहॅम या पट्ट्यात अठराव्या-एकोणिसाव्या शतकात असे ट्रे ढिगांनी बनत. म्हणूनच इथल्या जुन्या बाजारात ते अजूनही परवडतात. मला शंभर पौंडांच्या आत मिळाला.

याला लाखकाम म्हणतात खरं, पण यात लाख नाही. जपानी लाखकाम तिथल्या एका झाडाच्या चिकातून होतं, आपल्याकडची लाख किड्यांपासून मिळते. इंग्रजांच्या देशात दोन्ही होत नव्हतं. त्यांनी अस्फाल्ट आणि जवसाचं तेल शिजवून काळं रोगण केलं. पत्र्यावर त्याचा थर द्यायचा, भट्टीत भाजायचा, घासून सपाट करायचा, की पुन्हा थर. मग चित्र, सोन्याचा वर्ख, वरून व्हार्निश. शेवटची चकाकी बायका अगदी बारीक दगडपूड लावून उघड्या तळहाताने आणत. हे कळल्यापासून माझा ट्रे पुसतानाचा हात आपोआप हलका झाला.

चित्रकार एडवर्ड बर्ड याचा जन्म वुल्व्हरहॅम्प्टनचा, 1772चा. त्याची उमेदवारी ट्रे रंगवण्यातच गेली आणि पुढे तो लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेचा सदस्य झाला. माझ्या ट्रेचा कारागीर कोण, ते कुठेच लिहिलेलं नाही. पण पाकळीची कड त्याने एका फटकाऱ्यात ओढली आहे आणि पानांवर, खरं सांगायचं तर, कंटाळा केला आहे.

आता वापराचं. वाफाळत्या कपाखाली जुनं व्हार्निश दुधाळ पडू शकतं. माझ्या ट्रेवर आधीच्या कुणाच्या तरी कपाचं पांढरट कडं आहे, त्यामुळे मी चहाच्या वाटेलाच गेले नाही. पाणी याहून वाईट. रोगणाला तडा असेल तर ओल थेट पत्र्यापर्यंत जाते, आतून गंज धरतो आणि वरचे पोपडे सुटतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यावर कोयरी आणि तिळगुळाच्या वाट्या ठेवल्या. काळ्यावर चांदी अशी काही उठून दिसली की बायका वाणापेक्षा ट्रेचीच चौकशी करत होत्या! गुलाबदाणी मात्र बाजूच्या टेबलावर ठेवली. कुंकू बारीक तड्यांत बसतं, ते मऊ कोरड्या ब्रशने निघतं. खाण्याचा पदार्थ थेट ट्रेवर ठेवू नका, जुन्या रंगांत शिसं असू शकतं. डिशवॉशर, लिंबू, भांड्यांची पावडर, तेल यांतलं काहीही याला लावायचं नाही. कोरडं सुती कापड पुरतं.

तक्रार आहे ती विक्रेत्याबद्दल. ‘मूळ रंगकाम’ म्हणून विकलेल्या या ट्रेचा एक कोपरा नंतर कुणीतरी रंगवलेला निघाला. सरळ समोरून बघून कळत नाही, खिडकीपाशी तिरपा धरला की तेवढाच भाग वेगळा चमकतो. घेताना हे आधी करा. भिंगातून रंगाचे एकसारखे ठिपके दिसले, तर ते छापील काम, परत ठेवून द्या. काठाची झीज, तळावरचे ओरखडे यांची मला अडचण वाटत नाही. नव्याकोऱ्या दिसणाऱ्या ‘दुरुस्त’ ट्रेपेक्षा झिजलेला कधीही बरा.

हा धंदा बसला कसा? विजेने चांदीचा मुलामा देण्याचं तंत्र 1840च्या सुमारास बर्मिंगहॅममध्ये धंद्यात उतरलं, चकचकीत चांदीसारखी भांडी स्वस्त झाली आणि लोकांची आवडही बदलली. पण काळं रोगण संपलं नाही. जॉन मार्स्टन हा वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये असलंच रोगणकाम शिकला, 1859मध्ये बिल्स्टनला त्याने स्वतःचा कारखाना घेतला आणि 1887पासून सनबीम सायकली काढल्या. त्या सायकलींचं काळं-सोनेरी रूप कुठून आलं, हे माझ्या ट्रेकडे बघून कुणीही सांगेल.

भिंतीवर लावायचा असेल तर पत्र्याला भोक पाडू नका, थाळी अडकवायचा स्टँड घ्या. ऊन आणि रेडिएटर दोन्हींपासून लांब ठेवा. आणि पैसे मोजण्याआधी जमलं तर वुल्व्हरहॅम्प्टनच्या बॅन्टॉक हाऊस संग्रहालयात चक्कर मारा. तिथे या कामाचे उत्तम नमुने आहेत. ते एकदा बघितले की बाजारातला निम्मा माल हातात घ्यावासाही वाटत नाही.