नेपल्सच्या ज्वालामुखींचा संच: काही महिन्यांच्या वापरानंतर

ज्वालामुखी शिकवायचा म्हटलं की खायचा सोडा, व्हिनेगर आणि लाल रंग एवढंच बहुतेक संचांत मिळतं. यात तो प्रकार नाही, म्हणूनच घेतला. इटलीतल्या नेपल्सच्या आखाताचा उठावाचा नकाशा, दगडांचे तीन नमुने, चित्रकार्डं आणि भिंतीवर लावायची उद्रेकांच्या तारखांची काळपट्टी, एवढा ऐवज. आमची धाकटी सात वर्षांची, थोरला अकराचा. दोघांनी हाताळून हाताळून तो पार जुना केलाय.

सगळ्यात वसूल झाला तो प्युमिसचा तुकडा. धाकटीने तो पाण्यात सोडला, बोटाने खाली दाबून धरला, तर भोकांतून बारीक बुडबुडे यायला लागले. "यात हवा कुणी भरली?" झालं, तिथूनच विषय सुटला. शिलारस वर येताना दाब कमी होतो, आत विरघळलेला वायू फसफसतो आणि त्या फेसाचा दगड होतो. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा पॉम्पेई या रोमन शहरावर तासन् तास हेच खडे पडत होते. त्यांच्या वजनाने छपरं कोसळली आणि मग तापलेली राख आणि वायू यांचे लोट आले. पॉम्पेई लाव्हाखाली गाडलं गेलं असं थोरला छातीठोकपणे सांगायचा, ते हा तुकडा हातात आल्यावर थांबलं. शेजारचं हर्क्युलेनियम तर अशा लोटांच्या थरांखाली जवळपास 20 मीटर खोल गेलं. तिथल्या लाकडाचा कोळसा झाला, पण दारं-खाटांचे आकार शाबूत राहिले.

चित्रकार्डं चांगली आहेत, फक्त आधी स्वतः चाळून घ्या. पॉम्पेईत राखेत राहिलेल्या पोकळ्यांमध्ये फिओरेल्ली या पुरातत्त्वज्ञाने 1863 पासून प्लॅस्टर ओतून माणसांचे साचे काढले, ते थोरल्याला भारी वाटलं. साखळीला बांधलेल्या कुत्र्याचा साचा मात्र धाकटीला झेपला नाही. ते कार्ड सध्या कपाटात आहे.

आता तक्रार. नकाशावर व्हेसुव्हियस चांगला टोकदार केलाय आणि त्याला कवेत घेणारी सोम्मा या जुन्या ज्वालामुखीची कड बोटाला लागते, इथवर ठीक. पण 1,281 मीटरचा डोंगर एवढा सुळक्यासारखा दिसतो, कारण उंची वाढवून दाखवलीय, आणि हे कुठेही छापलेलं नाही. त्याहून खटकलं ते असं, की पश्चिमेकडचं काम्पी फ्लेग्रेई हे अवाढव्य ज्वालामुखी विवर म्हणजे नुसता सपाट नारिंगी डाग! सुमारे 40 हजार वर्षांपूर्वीचा या भागातला प्रचंड उद्रेक तिथला. डोंगर नाही म्हणजे ज्वालामुखी नाही, असा अर्थ मुलं सरळ काढतात. विवराची खोलगट कड तरी उठावात द्यायला हवी होती.

ती उणीव त्याच विवरातल्या पोत्सुओली गावच्या खांबांच्या कार्डाने बरीच भरून काढली. जुन्या रोमन बाजाराचे तीन संगमरवरी खांब, आणि त्यांवर सुमारे 7 मीटर उंचीपर्यंत समुद्री शिंपल्यांनी पाडलेली भोकं. शिंपले खांबावर चढले कसे? थोरला बराच वेळ पूर आला असेल यावर अडून होता. जमीनच आधी समुद्रात खचली आणि नंतर वर आली, हे पटायला नकाशा, कार्ड आणि पाण्याचं घमेलं, तिन्ही लागली. 1982 ते 84 दरम्यान तीच जमीन पावणेदोन मीटरच्या आसपास उचलली गेली. 1538 मध्ये तर जवळच आठवडाभरात मोन्ते नुओवो नावाची टेकडी उभी राहिली. मला विचाराल तर पूर्ण संचात हे एक कार्ड सरस.

काळपट्टी कामचलाऊ. 1944 चा व्हेसुव्हियसचा उद्रेक देऊन तिथेच संपवलीय, त्यामुळे धाकटीच्या मते डोंगर 'मेला'. धोक्याच्या पट्ट्यात आज लाखो लोक राहतात आणि 1841 पासूनची वेधशाळा अजूनही त्या डोंगरावर नजर ठेवून आहे, हे तोंडी सांगावं लागलं. शिवाय 79 च्या उद्रेकाला 24 ऑगस्ट ही तारीख बिनधास्त छापलीय. 2018 मध्ये पॉम्पेईत सापडलेली, भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ ऑक्टोबरकडे बोट दाखवते. थोरल्याने पट्टीवर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

दहा-अकराच्या मुलांना जरूर घ्या. त्याहून लहान असतील तर शेजारी बसून कार्डं वाचून दाखवायची तयारी ठेवा, मजकूर जड आहे. आणि नकाशाचं प्लास्टिक पातळ आहे, सोरेंतोकडचा कोपरा आमच्याकडे केव्हाच तडकलाय.