डबल कॅब पिकअप रोजच्या वापराला: वर्षभरानंतरचे मत आणि फाळक्याविषयीची सविस्तर तक्रार

डॅशबोर्डवर डीपीएफचा, म्हणजे डिझेलच्या धुराच्या फिल्टरचा, दिवा लागला, गाडीची ताकद आपोआप उतरली आणि सर्व्हिस सेंटरने संपूर्ण फिल्टर बदलण्याचे अंदाजपत्रक हातात ठेवले, तेव्हा हा अनुभव लिहून काढायचे ठरवले. गाडीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण इथे लिहिलेल्या बहुतेक गोष्टी या वर्गातल्या बऱ्याच डिझेल गाड्यांना लागू पडतात आणि नाव घेतले की चर्चा कंपनीच्या बाजूने किंवा विरोधात वळते. डबल कॅब (सीटच्या दोन रांगा, चार दारे), लॅडर फ्रेम (शिडीसारखी पोलादी चौकट), मागे पाटे (लीफ स्प्रिंग), पार्ट-टाइम फोर बाय फोर (गरजेपुरता चारही चाकांना जोर) आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स एवढे सांगितले की जाणकारांना पुरे. गाडी घेऊन वर्ष उलटले आहे. आठवडाभर कामावर जाण्यायेण्याचा जवळचा प्रवास, सुट्टीच्या दिवशी हौद्यात प्लायवुड, सिमेंट, खत किंवा कुणाचे तरी जुने कपाट, आणि क्वचित मागे ट्रेलर, असा माझा वापर आहे. म्हणजे गाडी बहुतांश वेळ मोकळीच धावते, आणि पुढची सगळी मते या एका वस्तुस्थितीवर उभी आहेत.

आधी भांडणाचा विषय संपवतो. डिझेलच्या धुरातली काजळी हा फिल्टर अडवून ठेवतो, आणि ठरावीक साठा झाला की इंजिन जादा डिझेल सोडून एक्झॉस्टचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत चढवते व ती काजळी जाळून टाकते. या रीजनरेशनसाठी गाडी सलग पंधरा-वीस मिनिटे बऱ्यापैकी वेगाने चालावी लागते. माझ्या रोजच्या प्रवासात इंजिन जेमतेम गरम होते तोच गाडी बंद करायची वेळ येते, त्यामुळे रीजनरेशन सुरू होते, मध्येच तुटते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. अशा प्रत्येक अर्धवट प्रयत्नात सिलिंडरमध्ये उशिरा सोडलेल्या डिझेलचा काही अंश ऑइलमध्ये उतरतो, आणि मग ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढत जाते. मी डिपस्टिक ओढून पाहिली तेव्हा ऑइल वरच्या खुणेच्याही वर होते, पातळ झाले होते आणि त्याला डिझेलचा स्पष्ट वास येत होता.

सर्व्हिस सल्लागाराचे म्हणणे असे होते की फिल्टर चोक झाला आहे, तो बदलावाच लागेल, आणि हे चालवण्याच्या पद्धतीमुळे झाले असल्याने वॉरंटीत बसत नाही. मी एवढेच मागितले की फिल्टरच्या अलीकडच्या व पलीकडच्या दाबातला फरक आणि गाडीच्या संगणकाने धरलेले काजळीचे वजन छापून द्यावे. त्यावर बरीच टोलवाटोलवी झाली. यंत्र दुसऱ्या गाडीला लावले आहे, प्रिंटर बंद आहे, वरिष्ठ रजेवर आहेत, ही सगळी कारणे ऐकून झाली. अखेर कागद मिळाला, तेव्हा त्यावरचा आकडा यंत्र जोडून जबरदस्तीने रीजनरेशन करता येण्याच्या मर्यादेत निघाला. तसे रीजनरेशन केले, ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलला, आणि दिवा गेला. बिल मलाच भरावे लागले, परंतु ते नव्या फिल्टरच्या किमतीच्या मानाने किरकोळ होते. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी ‘चोक झाला’ या दोन शब्दांवर समाधान मानू नये. काजळी जळते, राख जळत नाही; ही राख मुख्यतः ऑइलमधल्या रसायनांची असते आणि ती हळूहळू साचते. म्हणून डीपीएफ असलेल्या इंजिनात कमी राखेचेच ऑइल घालायचे असते, आणि चार पैसे वाचवण्यासाठी भलतेच ऑइल घालणे हा या गाडीत सर्वांत महाग पडणारा काटकसरीचा प्रकार आहे.

या प्रकरणानंतर इंजिनाच्या निवडीविषयी माझे मत पक्के झाले आहे. ज्यांचा रोजचा प्रवास लहान आहे आणि ज्यांना आपल्या बाजारात पेट्रोल किंवा हायब्रिड पिकअप उपलब्ध आहे, त्यांनी डिझेलच्या ॲव्हरेजकडे पाहून भुलू नये. उत्तर अमेरिकेतल्या टोयोटा टॅकोमाला २.४ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आणि त्याचाच हायब्रिड अवतार मिळतो. असा पर्याय जिथे नाही तिथे डिझेल घ्यावे लागते, पण मग आठवड्यातून एकदा लांबच्या रस्त्यावर चक्कर मारण्याचे बंधन गाडीसोबत घरी येते, हे आधीच गृहीत धरावे. त्या चकरेचे डिझेल मी आता ॲव्हरेजच्या हिशेबात धरतो, आणि तसे धरल्यावर माहितीपत्रकातला आकडा बराच खाली येतो.

आता मोकळ्या गाडीच्या उसळण्याविषयी. पहिले काही महिने मी मागच्या पाट्यांना मनसोक्त दोष दिला. एक टन भार पेलण्यासाठी रचलेले पाटे मोकळ्या हौद्याखाली दबतच नाहीत, त्यामुळे प्रत्येक गतिरोधकावर मागची सीट प्रवाशांना वर फेकते आणि मागे बसणाऱ्यांच्या तक्रारी चालकाला ऐकाव्या लागतात. परंतु एका टायरवाल्याने चालकाच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर दाखवला आणि चित्रच पालटले. त्यावर हवेचे दोन वेगवेगळे दाब दिलेले होते: मोकळ्या गाडीसाठी मागे ३० पीएसआयच्या आसपास, तर पूर्ण भारासाठी ४० च्या वर. गाडी ताब्यात देताना पूर्ण भाराची हवा भरून दिली होती आणि प्रत्येक सर्व्हिसला तीच पुन्हा भरली जात होती. हवा योग्य करताच गाडी मोटारीसारखी झाली असे नाही, पण मागच्या सीटवरून येणारी बोलणी थांबली. पाट्यांविषयीचे पूर्वीचे कडक मत म्हणून मी निम्म्याने मागे घेतो. हौद्यात शे-दीडशे किलो वजन असेल तर हीच गाडी चक्क आरामात चालते.

तरीही ज्यांना मोकळ्या गाडीचाच आराम हवा आहे त्यांनी मागे कॉइल स्प्रिंग असलेल्या गाड्या अवश्य चालवून पाहाव्यात. निसानने २०१४ च्या नवाराच्या डबल कॅबला मागे पाच लिंक व कॉइल दिले आणि २०२४ च्या टॅकोमाच्या बहुतेक प्रकारांतही कॉइल आले, खालच्या काही प्रकारांत मात्र पाटेच राहिले. होंडा रिजलाइन तर लॅडर फ्रेमवर नसून मोटारीसारख्या एकसंध बांधणीची आहे आणि तिची मागची चाकेही स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत. तिला ‘खरा पिकअप’ न मानणारे लोक पुष्कळ आहेत. ते महिन्यातून किती वेळा हौदा भरतात हे मात्र ते सांगत नाहीत.

इथपर्यंतचे सगळे सहन करण्याजोगे आहे. फाळका, म्हणजे हौद्याचे मागचे खाली उघडणारे दार, मात्र तसा नाही. मागचा फाळका ही पिकअपची सर्वांत जास्त हाताळली जाणारी वस्तू आहे, आणि माझ्या गाडीत नेमका त्याच्याच बाबतीत कुणी विचार केलेला दिसत नाही. रिमोट दाबला की चारही दारे लागतात, आरसे मिटतात, दिवे लुकलुकतात, आणि फाळका उघडाच राहतो, कारण तो सेंट्रल लॉकिंगला जोडलेलाच नाही. त्याच्यासाठी वेगळी किल्ली फिरवावी लागते, आणि ते किल्लीचे छिद्र चाकांनी उडवलेल्या चिखलाच्या थेट वाटेत आहे. चिखल सुकला की किल्ली अर्ध्यावर अडते. मग एका हाताने पिशवी सांभाळत छिद्रात फुंकर मारायची, किल्ली हलकेच मागेपुढे करायची आणि हात पुसायला फडके शोधायचे. हौद्यावर महागातले गुंडाळी कव्हर बसवले, पण फाळका उघडा राहिला तर त्या कव्हराखालचे सामान कोणीही सहज काढून नेऊ शकतो. इतकेच कशाला, अनेक पिकअपमध्ये दोन्ही बाजूंच्या साखळ्या किंवा केबल सोडवून फाळका ठरावीक कोनापर्यंत झुकवला की तो बिजागरीतून अख्खा उचलून घेता येतो. दुरुस्तीला सोयीची असलेली ही रचना चोरालाही तेवढीच सोयीची आहे.

यापुढची गंमत कॅमेऱ्याची. रिव्हर्स कॅमेरा फाळक्याच्या मुठीत बसवला आहे. लांब पाइप किंवा लाकडी वासे भरले की फाळका आडवा ठेवावा लागतो, आणि मग कॅमेरा मागचा रस्ता दाखवण्याऐवजी थेट जमीन दाखवतो. गाडीची लांबी जेव्हा सर्वांत जास्त असते आणि मागचे काहीच दिसत नसते, नेमका त्याच वेळी पडद्यावर डांबराचा तुकडा दिसतो. शिवाय फाळक्याला गॅसचा दांडा नसल्याने मूठ ओढली की तो धाडकन खाली येतो, आणि आपली हनुवटी किंवा लहान मुलाचे डोके वाटेत नाही ना हे प्रत्येक वेळी पाहावे लागते. हा दांडा बाहेरून विकत मिळतो, दोन बोल्टांवर बसतो आणि फार खर्चही येत नाही. मग तो कारखान्यातून का येत नाही, याचे समाधानकारक उत्तर कोणत्याही विक्रेत्याने दिलेले नाही.

धुळीचा प्रश्न मात्र समजण्यासारखा आहे. चालत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि कच्च्या रस्त्यावरची धूळ फाळक्याच्या फटींतून आत ओढली जाते, त्यामुळे वरून कव्हर कितीही घट्ट असले तरी सामानावर पिठासारखा थर बसतो. फटींत चिकटवायची रबरी पट्टी लावल्यावर हे पुष्कळ कमी झाले, तळाच्या बिजागरीजवळून थोडी धूळ अजून येते. या सगळ्या पार्श्वभूमीवर मला २००५ मध्ये आलेल्या रिजलाइनचे कौतुक वाटते: तिचा फाळका खालीही उघडतो आणि दारासारखा बाजूलाही, आणि हौद्याच्या तळाखाली कुलूप लागणारा मोठा कप्पा आहे. गाडी निवडताना शोरूममध्ये पडद्यावर बोट फिरवण्याआधी फाळका दहा वेळा उघडून, लावून, कुलूप घालून पाहावा, असे मी आता ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो आणि त्यांना ते विचित्र वाटते.

भाराच्या बाबतीत जाहिरातीतला एक टनाचा आकडा नीट वाचावा लागतो. त्यात माणसेही मोजली जातात. पाच प्रौढ बसले तर साधारण पावणेचारशे किलो तिथेच संपतात, त्यावर कॅनोपी (हौद्यावरचे बंदिस्त छप्पर), पोलादी बंपर, टपावरचा रॅक आणि अवजारांची पेटी यांचे वजन वजा होते. ट्रेलर जोडला तर त्याच्या वजनाचा सुमारे दहावा भाग हुकवर येतो आणि तोही याच हिशेबात धरायचा असतो. साडेतीन टन ओढण्याची क्षमता आणि एक टन भार हे दोन्ही आकडे खरे असले, तरी अनेक गाड्यांत गाडी आणि ट्रेलर यांच्या एकत्रित वजनाची मर्यादा ही पूर्ण भरलेल्या गाडीचे वजन आणि ओढण्याची क्षमता यांच्या बेरजेपेक्षा कमी असल्याने ते एकाच वेळी पूर्णपणे वापरता येत नाहीत. माहितीपत्रकात ही मर्यादा शोधावी लागते. ओढण्याचा आकडा मात्र पहिल्याच पानावर ठळक छापलेला असतो.

हौद्याचे माप घेताना लांबीपेक्षा चाकांच्या कमानींमधली रुंदी महत्त्वाची. डबल कॅबचा हौदा साधारण दीड मीटर लांबीचा असतो, त्यामुळे २४४० मिलिमीटरचा प्लाय बाहेर येणारच. पण कमानींमध्ये १२२० मिलिमीटर जागा नसेल तर तो तळावर सपाटही बसत नाही. माझ्या गाडीत ही रुंदी सुमारे ११०० मिलिमीटर आहे, म्हणून कमानींच्या उंचीवर दोन आडव्या फळ्या टाकून त्यांच्यावर प्लाय ठेवतो आणि खालच्या जागेत लहान सामान जाते. फोर्डने नव्या पिढीच्या रेंजरचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर) ५० मिलिमीटरने वाढवला, त्याचा उपयोग नेमका या कामी होतो. तळाला प्लॅस्टिकचे सुटे लायनर मी काढून टाकले, कारण त्याखाली पाणी आणि वाळू साचून रंग घासला जात होता. फवारून बसवायचे लायनर थोडे महाग असले तरी तोच खर्च योग्य आहे.

बाकीचे थोडक्यात. साधारण ५.३ मीटर लांबीची गाडी बहुतेक पार्किंगच्या आखलेल्या चौकटीत मावत नाही आणि वळायला तेरा मीटरच्या आसपास जागा घेते. याची सवय होते, आवड निर्माण होत नाही. पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसल्याने कोरड्या डांबरावर ते लावायचे नसते, म्हणून पावसात भिजलेल्या आणि मध्येच कोरड्या लागणाऱ्या रस्त्यावर त्याचा भरवशाने उपयोग करता येत नाही. ज्यांना अशा रस्त्यांवर रोज जायचे आहे त्यांनी मधला डिफरन्शियल असलेली मित्सुबिशीची सुपर सिलेक्ट किंवा तत्सम व्यवस्था पाहावी. मागचे ड्रम ब्रेक, कडक स्टिअरिंग आणि मागच्या सीटची सरळ पाठ यांविषयी लोक जितके बोलतात तितका त्रास मला झालेला नाही.

सध्या फाळक्याला सेंट्रल लॉकिंगशी जोडणारी लहान मोटर मागवली आहे. तिची वायर मागच्या दिव्याच्या जोडणीतून घ्यावी लागते, आणि सर्व्हिस सेंटरने तोंडी सांगितले की त्यामुळे संपूर्ण गाडीची विजेची वॉरंटी रद्द होईल. डीपीएफच्या वेळचा धडा ताजा असल्याने मी हेही लेखी मागितले आहे. उत्तर आले की मोटर बसवेन. न आल्यास ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र फ्यूज टाकून, कारखान्याच्या वायरला हात न लावता ती बसवून घेईन.