रेक्झिन-कॅनव्हाससाठी वॉकिंग फूट मशीन : एका सीझननंतरचा अनुभव

ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत, म्हणजे गोव्याच्या किनाऱ्यावर हंगामी हॉटेलं टाकणाऱ्या शॅकवाल्यांचा अख्खा सीझन, हे मशीन जवळजवळ रोज चाललं. डिचोलीत घरीच शिवते. काम मुख्यतः किनाऱ्याकडचं: गाद्यांचे रेक्झिन कव्हर, कॅनव्हासचे पडदे, अधूनमधून स्कूटरची सीट.

मशीन कंपाउंड फीडचं आहे. खालचे दाते, सुई आणि कापड दाबणारा वरचा पाय तिघे मिळून कापड पुढे नेतात, म्हणून नाव वॉकिंग फूट. साध्या मशीनवर फक्त खालचे दाते ओढतात. रेक्झिन वरच्या पायाला चिकटतं, खालचा थर पुढे पळतो आणि लांब शिवण संपते तेव्हा दोन टोकं जुळत नाहीत. टेफ्लॉनचा पाय लावून थोडं निभावतं, पण पायपिंग घातलेल्या कोपऱ्यावर चार थर आले की टाका गाळलाच म्हणून समजा. इथे तो कोपरा सरळ निघतो. गुडघ्याच्या दांडीने पाय १६ मिलिमीटरपर्यंत उचलतो, त्यामुळे जाड दुमड कोंबावी लागत नाही.

आता विक्रेत्यांबद्दल. म्हापशापासून मडगावपर्यंत ‘हेवी ड्युटी’चा स्टिकर लावलेलं घरगुती मशीन पुढे करणारे भेटले. ‘ताई, रेक्झिन सोडा, चामडंसुद्धा शिवेल!’ पुरावा काय, तर डब्यावर छापलेले मिनिटाला ११०० टाके. तो वेग झाला, ताकद नव्हे. मग जीनचे थर घेऊन भरधाव शिवून दाखवतात. वेगात चाकाचा झोकच सुईला आरपार नेतो. मी माझं रेक्झिन आणि कॅनव्हास पिशवीतून नेत असे आणि म्हणे, आता अगदी हळू, एकेक टाका टाकून दुमडीवर चढवा. तिथे बऱ्याच जणांना दुसरं गिऱ्हाईक आठवायचं. शिवताना विक्रेत्याचा हात मागून कापड ओढतोय का, तेही बघा. घरगुती मशीनच्या वॉरंटी कार्डावर धंद्याचा वापर बहुधा वगळलेला असतो. पैसे देण्याआधी ते वाचायला मागा.

‘जपानी हेड’ म्हणून रंग मारलेलं जुनं हेडही (टेबल-मोटर सोडून नुसतं शिवणारं मशीन) खपवतात. हेड मागे कलंडून खालून बघायला सांगा. रंग वरून लागतो, खाली दोरा पकडणाऱ्या हुकाच्या टोकावरचे ओरखडे तसेच राहतात. जुनं मशीन वाईट असतं असं नाही, पण मग किंमतही जुन्याची हवी. भाव हेडचा की टेबल, स्टँड, मोटरसकट, हे बिलावर लिहून घ्या. तोंडी हिशेबात मोटर नेहमी गळते.

माझ्या तक्रारी दोन. सर्व्हो मोटर आवाज करत नाही, पायडल दाबेपर्यंत स्वस्थ असते (क्लच मोटर बटण चालू केल्यापासून घरघरत राहते), पण अगदी हळू चालवताना जाड शिवणीवर अडायची. मेकॅनिकने मोटरची पुली लहान बसवली, वेग उतरला, जोर वाढला. हे काम दुकानदारानेच करून द्यायला हवं होतं. दुसरं, सुया. या मशीनला गोल दांड्याच्या डीपी×१७ सुया लागतात, घरगुती चपट्या दांड्याची सुई बसत नाही, आणि गावातल्या दुकानात त्या नसतात. मी पणजीहून पाकिटंच आणून ठेवते. ६९ नंबरच्या बाँडेड नायलॉन दोऱ्याला १८ची सुई बरोबर बसते. दोरा जाड घेऊन सुई तीच ठेवली तर तो झिजून तुटतो आणि दोष मशीनला जातो.

पावसाळ्यात सुईखालची पट्टी दोन दिवसांत तांबूस होते. काम उरकलं की मशीन ऑइलचा फडका फिरवायचा. खोबरेल घालू नका. आमच्याकडे ती सवय घरोघर आहे, आणि ते सुकून डिंकासारखं आवळतं.

ब्लाउज, पडद्याची झालर यांसाठी मात्र हे घेऊ नका. फक्त सरळ टाका, आणि पातळ कापडावर दात्यांचे वळ उठतात. त्या कामाला माझं काळं पायमशीन अजून खिडकीपाशी आहे.