हार्पर्स फेरीवरचा नकाशा-स्लाइड कार्यक्रम, एरंडवणे : ४ स्टार

दर महिन्याला एक परदेशी गाव घेऊन त्याचा भूगोल-इतिहास सांगतात, तिकीट १५० रुपये, या वेळी वेस्ट व्हर्जिनियातलं हार्पर्स फेरी होतं. वस्ती जेमतेम ३००. एवढ्याशा गावावर दोन तास काय बोलणार असं वाटत असेल तर सांगते, दोन तास पुरले नाहीत.

सर आधी इतिहासाला हातच लावत नाहीत, भिंतीवर फक्त चढउतार दाखवणारा नकाशा. पोटोमॅक आणि शेनँडोआ या दोन नद्या इथे एकत्र येतात आणि लगेच ब्लू रिज डोंगररांगेतल्या खिंडीतून पुढे जातात, गाव दोघींच्या मधल्या टोकावर, आपल्या संगमासारखं मोकळं नाही, समोर उभे डोंगर. पाण्याला जोर, म्हणून त्यावर चाकं फिरवून सरकारी बंदुकांचा कारखाना चालला, १८६१ पर्यंत ६ लाखांवर बंदुका! आणि बंदुका होत्या म्हणूनच गुलामगिरी मोडायला निघालेला जॉन ब्राऊन ऑक्टोबर १८५९ मध्ये तिथे शिरला. नकाशा आधी पाहिलेला असतो ना, त्यामुळे पूल अडवले की तो आत कोंडला जाणार हे सरांनी सांगायच्या आधीच आपल्याला दिसतं, अंगावर काटा येतो अगदी. १८६२ मध्ये, अमेरिकन यादवी युद्धात, दक्षिणेकडच्या सेनापती जॅक्सनने भोवतालच्या टेकड्यांवर तोफा चढवल्या आणि खालचे उत्तरेचे १२ हजारांवर सैनिक शरण आले, तेही त्याच नकाशावर. पुरांचे फोटो लागले तेव्हा (१९३६ ला पाणी ३६.५ फूट!) पानशेत पाहिलेली मंडळी एकदम बोलायला लागली आणि सरांनी त्यांना बोलू दिलं, हे फार छान केलं.

एक स्टार कापला तो शेवटासाठी. युद्धानंतर तिथे कृष्णवर्णीयांसाठी स्टोरर कॉलेज निघालं, १९०६ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे द्यू बॉइस आणि त्यांचे सहकारी, जॉन ब्राऊन ज्या इमारतीत कोंडला गेला होता तिथपर्यंत अनवाणी चालत गेले, आणि हे सगळं पाच मिनिटांत उरकलं. अहो, ज्या पुण्यात जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहून ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केली, तिथे तरी याला अर्धा तास हवाच होता. सरांना भेटून सांगितलंय तसं.

बाकी आवाज स्वच्छ, खुर्च्या बऱ्या, मागच्या रांगेतून नकाशावरची नावं वाचता येत नाहीत, लवकर जाऊन पुढे बसा. आठवी-नववीच्या मुलांना जरूर न्या.